रेवा घरी कशी आली

मनू म्हणाली, पप्पा, बालपणापासून सुरुवात करा. मी म्हटलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. चौथीला शाळा सुटली, रत्नागिरीहून मामाबरोबर मुंबईला आलो, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला, म्हणजे भांडी चकचकीत करायला, लागलो. झालं बालपण. तीन तुकड्यांत बसलं, चौथा पाडायचा म्हटला तर खोटं लिहावं लागेल. मला कोणी गोष्ट सांगितली नाही, मी कुठल्या खेळात भाग घेतला नाही, पुढे काय होणार याची उत्सुकता कधी वाटली नाही, कारण पुढे काय होणार ते माहीतच असायचं. लोक ज्याला वाढणं म्हणतात ते माझं फार उशिरा झालं, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, आणि तेसुद्धा मुलीच्या एका नाटकापायी. तेवढंच लिहितो. बाकीचं कुणाला लागलंच तर मनाने भरून घ्यावं. आत्मचरित्र लिहिणारे मोठे लोक तरी दुसरं काय करतात.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, इंद्रलोक वसाहतीच्याही मागे, जिथे रस्ता संपून मिठागरं लागायची. बिल्डरने छापलेल्या कागदावर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं होतं. निसर्ग म्हणजे डास. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्टसाठी खड्डा ठेवलेला, त्यात मांजरी व्यालेल्या. आमची वन रूम किचन तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला चिकटून. भिंतीच्या पलीकडे पंप सुरू झाला की आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना धडका द्यायचे. मी संध्याकाळी कारखान्यातून यायचो तो काळा होऊन. बफ मारताना उडणारी धूळ नाकात, कानात, दातांच्या फटीत. सुनंदा, माझी बायको, दारातच गुळाचा खडा हातावर ठेवायची. गुळाने छाती साफ राहते असं आमच्यात सगळे मानायचे. मग कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, आणि वार नसेल त्या दिवशी सुकटीची चटणी. सुकट भाजायला घेतली की दुसऱ्या मजल्यावरून जिग्नाबेन ओरडायची, “सुनंदा, खिडकी बंद कर, मेरे भगवान भाग जाएंगे.” सुनंदा खालून म्हणायची, “पळत नाहीत, खाली बघत बसलेत.” दोघींची मैत्री होती, म्हणून चालायचं.

आमच्या बिल्डिंगचा खरा देव म्हणजे पाणी. ते कधी येईल त्याचा नेम नसायचा. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी दोन दिवस नाहीच. आलं की लगेच पंप लावावा लागायचा, नाहीतर शेजारची बिल्डिंग आपला पंप लावून सगळं ओढून घ्यायची. पंपाची किल्ली सेक्रेटरी तावडेंच्या कंबरेला. चौथ्या मजल्यावर तर सुरुवातीला जरा वेळ धार चढायची आणि मग नळ फुसफुसत बसायचा, त्यामुळे चौथ्या मजल्याची माणसं सगळ्यात चपळ. पाणी आल्याचं पहिल्यांदा कळायचं आम्हाला, पंपाला चिकटून असल्यामुळे. पाइपात आधी हवा शिरायची, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. सुनंदा कशातही असो, पोळी तव्यावर असो नाहीतर केस अर्धे विंचरलेले असोत, तो आवाज आला की ती मोकळ्या जागेत येऊन वर तोंड करून ओरडायची, “पाणी आलंय.” दोनच शब्द. बाई अंगाने एवढीशी, पण तिचं माहेर खाडीकाठचं. पलीकडच्या काठावरच्या होडीवाल्याला हाका मारून बोलवायची ज्यांची रीत, त्यांचे आवाज तसे तयार होतात. त्या दोन शब्दांवर चार मजले हलायचे. कोणी अंघोळीतून निघायचं, कोणी देवपूजा टाकून. शेजारच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एकाने मला विचारलं होतं, तुमच्याकडे रोज आग लागते का.

आणि पाण्याबद्दल खोटं बोलायचं नाही, हा आमच्यातला एकमेव पाळला जाणारा नियम. मेंटेनन्स लोक बुडवायचे, जिन्यात थुंकायचे, एकमेकांच्या दारातला कचरा सरकवायचे, त्याला कोणी पाप म्हणायचं नाही. पण एका पोराने एकदा एक एप्रिलला गंमत म्हणून पाणी आल्याची आरोळी ठोकली, तर त्याच्या आईशी महिनाभर बिल्डिंगमधलं कोणी बोललं नव्हतं. सुनंदा तर सगळ्यात पुढे. “देवाची खोटी शपथ घे एकवेळ,” असं तिने त्या पोराला जिन्यात उभं करून सुनावलं होतं.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असायची. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. कार्यक्रम म्हणजे कॅसेटवर नाच. पण एका वर्षी आमच्या मनूने, नववीत होती ती, अंतराळातलं नाटक लिहिलं. अंतराळ तिने कुठे बघितलं मला माहीत नाही. आमच्या खिडकीतून मिठागर आणि हायटेन्शनच्या तारा दिसायच्या. नाटक असं होतं: पृथ्वीवरून एक यान दूरच्या ग्रहाकडे निघालंय. मोठी माणसं पेट्यांमध्ये झोपवलेली, कारण जायला अनेक वर्षं लागणार. यान सांभाळायला फक्त पंधरा-सोळा वर्षांची मुलं. यानाला आवाज आहे, त्याला मुलं ‘माई’ म्हणतात. माई सगळं सांगते, हवा किती, वेग किती. आणि एक दिवस माई सांगते की यानातली हवा कोणीतरी चोरतंय. आपल्यातलंच कोणीतरी. रेवा नावाची मुलगी, म्हणजे मनूच, चोराच्या मागावर लागते. हवा बाहेर कुठून जातेय ते बघायला यानाबाहेर उतरते, गळती बंद करते, परत दाराशी येते, तर दार आतून कोणीतरी लावलेलं. रेवा बाहेर, काळोखात. पडदा. पडद्यावर चिकटवलेला कागद: भाग दुसरा पुढच्या वर्षी.

माई म्हणून सुनंदाच. मनूने तिला घेतलं ते प्रेमाने नाही, माइक भाड्याने आणायला पैसे नव्हते म्हणून. सुनंदा पडद्यामागे पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून बोलायची आणि यानाचा आवाज थेट गल्लीच्या नाक्यावर जायचा. आमचे लोक अंतराळात पहिल्यांदाच गेलेले, पण माई ओळखीची निघाल्यामुळे कोणी घाबरलं नाही.

पुढचं वर्षभर काय झालं ते आजही आठवलं की हसू येतं. बिल्डिंगमध्ये पाळणे हलले, दोन लग्नं झाली, एक घटस्फोट झाला, पण जिन्यात विषय एकच. “मनू, मेली का गं ती?” दूधवाला विचारायचा. दातांचा डॉक्टर दाढ उपटताना विचारायचा, म्हणजे तिला उत्तर देता येऊ नये अशा वेळी. जिग्नाबेन भाजी निवडता निवडता म्हणायची, “छोकरी ठंड में बाहर खड़ी है, तेरे को नींद कैसे आती है?” आणि मी, ज्याला पुढचं कधीच काही जाणून घ्यायचं नव्हतं, मी मशिनवर ताटाची कड धरून उभा असताना विचार करायचो, दार कोणी लावलं असेल. एकदा त्या नादात ताट हातातून सुटून उडालं, मुकादमाच्या कानाजवळून गेलं. त्याने आईवरून शिवी दिली. मी त्याला नाटकाची गोष्ट सांगितली. तर जेवणाच्या सुट्टीत तोच येऊन म्हणतो, “शिगवण, तो कॅप्टन आहे ना, त्याच्यावर लक्ष ठेव.”

मुकादम बरोबर होता. चोर कॅप्टनच होता. मनूने दुसरा भाग दिवाळीनंतर लिहिला आणि आम्हाला दोघांनाच वाचून दाखवला. रेवा बाहेर लटकलेली, हवा संपत आलेली. आत कोणी तिचं ऐकत नाही. ती आपल्या हाताने, हवा अगदी तळाला गेल्यावर, बाहेरून दार उघडते, आत येते आणि कॅप्टनला सगळ्यांसमोर उघडं पाडते. वाचून झाल्यावर सुनंदा बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, “तिला न्यायला कोणी येत नाही ना?”

“नाही,” मनू म्हणाली.

“बरं केलंस.”

एवढंच कौतुक. पण मनू त्या रात्री झोपेत हसत होती. हे मी उगाच गोड करून लिहीत नाही. एका खोलीत तिघं झोपणाऱ्याला माहीत असतं कोण कधी हसलं.

मला काम दिलं हेल्मेटांचं. कारखान्यात वाकडे निघालेले स्टीलचे डबे भंगारात जायचे. मी ते शेठला विचारून आणायचो, समोरून चेहऱ्याएवढं कापायचो, कडांना रबर लावायचो आणि असा बफ मारायचो की त्यात पोरांना आपली तोंडं दिसायची. सातआठ पोरं आमच्या दारात रांग लावून, डोक्याचं माप द्यायला. दहा वर्षांचा असताना मी भांड्यांना माती लावून घासायचो, तर हे माझं पहिलं खेळणं. खोटं कशाला बोलू, घरी कोणी नसताना मी स्वतः एक घालून आरशात बघितलं. सुनंदा पाठीमागून आली. म्हणाली, “कुठल्या ग्रहावर चाललात? जाताना रॉकेलचा डबा घेऊन जा, येताना भरून आणा.”

यात माती कालवली सेक्रेटरी तावडेंनी. तावडे बँकेत शिपाई होते, पण सफारी असा घालायचे की बँकच त्यांच्याकडे कर्ज मागायला येईल. कॅप्टनचं काम त्यांच्या प्रसादकडे. पहिल्या भागात कॅप्टनला चांगला रुबाब होता, म्हणून खूश होते. दुसऱ्या भागाची तालीम बघायला आले आणि चोर कोण ते कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात.

“शिगवण, मुलगी हुशार आहे तुमची. पण आमचा प्रसाद चोर?”

“नाटकात, तावडेसाहेब.”

“बघणाऱ्याला काय कळतं नाटकात का खरं. त्याच्या आईने काल जेवण टाकलंय. आणि यंदा नगरसेवक येणार आहेत. त्यांच्यासमोर सेक्रेटरीचा मुलगा चोर?”

“मग चोर कोण करायचा?” मी विचारलं.

त्यांनी तयारी करूनच आणली होती. “परग्रहावरचा माणूस. तो चोर. त्यांच्यातला कोणी आपल्या सोसायटीत मेंबर नाही, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आणि रेवा बाहेर अडकलीय, तर प्रसाद जाऊन तिला उचलून आणेल. शेवटी मुलगी घरी आली म्हणजे झालं. कोणी आणली त्याने काय फरक पडतो?”

मनू आतून बाहेर आली. “काका, मग ती वर्षभर बाहेर कशाला थांबली? प्रसादची वाट बघत?”

“बाळा, मोठ्यांशी असं बोलत नाहीत,” तावडे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “नाहीतर राहू दे. मी ऑर्केस्ट्रावाल्याशी बोललोय, तो तयार आहे.”

ऑर्केस्ट्रा म्हणजे नाटकच रद्द. सातआठ पोरांनी महिनाभर पाठ केलं होतं, चंदेरी कागद चिकटवून हात सोलले होते. मनूने होकाराची मान हलवली. तावडे खूश होऊन गेले, जाताना जिन्यात गुणगुणत होते. मनू गॅलरीत जाऊन बसली. भाकरी ताटात वाळली. मी जवळ गेलो तर म्हणाली, “पप्पा, लिहिलेलं माझं होतं ना?” आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलंच नव्हतं, तर ते कुणाचं असतं हा प्रश्न कशाला आला असेल. त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीकडे आपलं म्हणावं असं तेवढंच होतं, ना खोली, ना कपाट, ना टेबल. एक शेवट होता, तो शेजारच्याने उचलून नेला.

मी सुनंदाला म्हटलं, काहीतरी बोल तिच्याशी. सुनंदा सुकट निवडत होती. म्हणाली, “मी बघते.”

“काय बघतेस?”

“तुम्ही डबे कापा.”

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी मोकळ्या जागेत फळ्यांचं स्टेज. पाठीमागे जिग्नाबेनच्या काळ्या साड्या जोडून केलेलं आकाश, त्यावर टिकल्यांचे तारे. पूजेच्या शिऱ्याचा तुपकट वास सगळीकडे, पोरांच्या बोटांना, खुर्च्यांना, सतरंजीला. नगरसेवक पहिल्या रांगेत, शेजारी तावडे, कंबरेला किल्ली. मी डावीकडे कडेला उभा होतो, कुणाचं हेल्मेट निसटलं तर रबर लावायला. तिथून पडद्याच्या मागचंही दिसायचं. पंपाच्या खोलीच्या पायरीवर सुनंदा, नऊवारी नाही, साधी पाचवारी, पदर खोचलेला, आणि तिच्या शेजारी आत शिरायची वाट बघणारा प्रसाद, चकचकीत डबा डोक्यावर. पोरगा तसा गरीब. बापाच्या हौसेचा बळी. डबा त्याला जरा घट्ट झाला होता, कान आत दुमडले होते, पण तक्रार करत नव्हता.

नाटक रंगलं. परग्रहावरचा माणूस म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला हिरवा रंग फासला होता, तो आला की लहान पोरं त्याला नावाने हाका मारायची. मनू टेबलावर पोटावर पडून हात हलवत होती, खाली काळी साडी सोडलेली, त्यामुळे तरंगतेय असं वाटायचं. खरंच वाटायचं. माई सांगत होती, “रेवा, हवा कमी होतेय.” थोड्या वेळाने, “रेवा, हवा तळाला गेलीय.” माणसं श्वास रोखून बसली होती. मी वर्षभर थांबलो होतो त्या दारापाशी आलो होतो आणि मला माहीत होतं की आता डावीकडून तावडेंचा प्रसाद येणार. मनूलाही माहीत होतं. तिचे हात थांबले. ती दाराकडे न बघता खाली फळीकडे बघत होती. प्रसादने पाऊल उचललं.

आणि पडद्यामागून आवाज आला, “पाणी आलंय.”

पुढचं सांगायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात झालं. अख्खी सोसायटी उठली. खुर्च्या आडव्या, चपला अदलाबदल, कुणाच्या मांडीवरचा शिरा कुणाच्या पाठीवर. तावडे किल्ली काढत पंपाकडे धावले, नगरसेवकाला “एक मिनिट साहेब” म्हणून, आणि बटण दाबून तसेच जिन्याने वर. परग्रहावरचा माणूस आईच्या मागे जिना चढला. आणि प्रसाद, चौथ्या मजल्यावरचा प्रसाद, ज्याला लहानपणापासून पिंप भरायच्या कामाला जुंपलेलं, तो रेवाला तशीच अंतराळात सोडून, डोक्यावरचा डबा न काढता, चार मजले पळत गेला. प्रत्येक मजल्यावर तो डबा कठड्यावर आपटल्याचा आवाज आम्हाला खाली येत होता.

मीसुद्धा उठलो. खोटं बोलणार नाही. माझी मुलगी टेबलावर अडकली होती, पण पाय जिन्याखालच्या नळाकडे वळले. तोटी फिरवली. पाणी नाही. हवासुद्धा नाही, तो सुस्कारासुद्धा नाही. नळ ठार कोरडा. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मी धावत परत आलो.

स्टेजवर मनू अजून तशीच पडलेली. समोर दोनच माणसं. नगरसेवक, ज्यांना या बिल्डिंगची रीत माहीत नसल्यामुळे हा नाटकाचाच भाग वाटत होता, आणि जिग्नाबेन, जिचे गुडघे गेलेले असल्यामुळे ती कधीच धावायची नाही, तिच्या वाटचं पाणी सुनंदाच भरून द्यायची. पडद्यामागून माई शांतपणे म्हणाली, “रेवा, इथे आता कोणी नाही. दार तुझं तुला उघडायचंय.”

मनूने मान वर केली. पडद्याकडे बघितलं. मग हळूच एक पाय सोडला, टेबलावरून उतरली, अंतराळातून चालत दाराशी गेली. पुठ्ठ्याचं दार, माझ्याच हातचं, जरा अडकायचं. तिने खांदा लावला. दार उघडलं नाही, उपटलं. ते हातात घेऊनच ती आत आली.

“माई,” ती म्हणाली, “कॅप्टन कुठे आहे?”

“पळाला,” माई म्हणाली. “हवा तोच चोरत होता.”

नगरसेवकांनी टाळ्या वाजवल्या. जिग्नाबेन रडत होती. मी कुठे उभा होतो ते मला आठवत नाही, पण हातात नळाची तोटी होती, फिरवता फिरवता निखळून आलेली.

नंतर लोक रिकाम्या कळश्या घेऊन उतरले. तावडेंचं तोंड लाल. “शिगवणवहिनी, पाणी कुठंय?” सुनंदा पायरीवरून उठली, पदर सोडला, म्हणाली, “पाइपात आवाज आला, मला वाटलं पाणीच. हवा निघाली.” आणि एवढं बोलून तिने असा चेहरा केला की जणू पाण्याने तिलाच फसवलं. कोणालाही शंका आली नाही. इतकी वर्षं जी बाई एकदाही चुकली नव्हती तिच्यावर संशय घ्यायचा तर उद्यापासून कुणाच्या हाकेवर उठायचं, हा प्रश्न होता. प्रसादच्या डोक्यातून डबा काढायला मला तेल लावावं लागलं. तो मला हळूच म्हणाला, “काका, बरं झालं. मला ती उचलली नसती गेली.”

शेवट कोणीच बघितला नव्हता, म्हणून पुन्हा जिन्यात तोच विषय. मनू सांगायची नाही, नुसती हसायची. त्यामुळे सगळी बिल्डिंग जिग्नाबेनकडे. जिग्नाबेनने तो शेवट इतक्यांदा सांगितला की त्यात रोज काहीतरी वाढत गेलं. आधी वीज कडाडली, मग रेवाने दार एका बोटाने उचललं. होळीपर्यंत तर रेवाची आई दुसरं यान घेऊन आली होती. मनूने तो ऐकला तेव्हा म्हणाली, हा माझ्यापेक्षा चांगला आहे. तावडेंनाही शेवटी जिग्नाबेनकडूनच कळलं की कॅप्टन पळाला. महिनाभर ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि त्या महिन्यात आम्ही फार सुखात होतो.

मी सुनंदाला एकदाच विचारलं. ती चटणी वाटत होती. म्हटलं, पोरीचा शेवट करायचाच होता तर सगळ्यांसमोर होऊ द्यायचा, प्रसादला मागे पकडून ठेवायचं. लोकांनी बघितला असता. ती म्हणाली, “लोक बघत बसले की प्रत्येकाला मदत सुचते. तिचं तिला करायचं होतं, तर जरा वेळ मोकळं सोडायला नको?” मग वरवंटा थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही पण गेलात ना नळावर.”

मनू पुढे शिकली. आता लिहिते, छापून येतं. मी चष्मा लावून एकेक शब्द लावत वाचतो. आम्ही पूनम सागरला राहायला आलो, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे आणि नळ सोडला की पाणी. सुनंदाला पहिले काही महिने करमलं नाही. एकदा म्हणाली, इथे मला काम नाही. भांडी घासून झाल्यावर नळापाशी उगाच उभी राहायची, कान देऊन.

मग तिची छाती गेली. कारखान्याची धूळ मी खाल्ली, गूळही मीच खाल्ला, आणि छाती तिची गेली. वरच्याचा हिशेब लावायला कुठला तावडे बसवलाय कोणास ठाऊक. दवाखान्यात तिच्या तोंडावर हवेचा मास्क लावला होता. पलंगाशेजारी यंत्र, त्यावर आकडे, किती हवा, कशी हवा. मनू म्हणाली, आई, तू आता खरीच माई झालीस. सुनंदा मास्कच्या आत हसली, आणि त्या हसण्याने यंत्र ओरडायला लागलं, नर्स धावत आली, आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि मनूला, तिने झापलं.

त्या दुपारी मनू औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टुलावर बसून सुनंदाचा हात धरला होता. आकडे खाली येत होते. मला शिक्षण नाही, पण आकडे खाली येताना ओळखतो. सुनंदाने डोळे उघडले. दुसऱ्या हाताने मास्क जरा बाजूला केला. आवाज कसला, कुजबुजही नाही, पण तीच दोन शब्दांची चाल.

“पाणी आलंय.”

मी म्हटलं, “अगं, इथे दिवसभर असतं.”

ती म्हणाली, “बघून या.”

मला कळलं होतं. नाटक मी बघितलेलं होतं. तरी मी उठलो, उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली घेतली. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, पिण्याच्या पाण्याचा. त्या वेळी, भाईंदरला, नळ कोरडा होता म्हणून मी धावत परत आलो होतो. इथे तोटी फिरवली तर पाणी होतं. मी बाटली धुतली, आणि ती पूर्ण भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.